सकाळी घातलेला रात्रीचा कोट

नेर्नच्या हाय स्ट्रीटवर किल्टचे, म्हणजे आमच्याकडे पुरुष लग्नाकार्यात नेसतात त्या चौकड्यांच्या घागऱ्याचे, कपडे भाड्यानं देणारं एक दुकान आहे. तिथे एफी बॅरन टेप घेऊन समोर आली की पुरुष पोट आत घ्यायचे आणि तोंड मिटायचे. पोट आत घेण्याचं कारण सांगायला नको. तोंड मिटायचं कारण असं, की ही बाई छातीचं माप घेता घेता मनाचंही माप घेते असा तिचा गावभर लौकिक होता, आणि तो काही कौतुकाचा नव्हता.

"लग्न किती वाजता?" हा तिचा पहिला प्रश्न.

आलेला मुलगा वेळ कधीच सांगायचा नाही. तो भिंतीवरच्या आखूड काळ्या कोटाकडे बोट दाखवायचा. चांदीची बटणं, मागे दोन तोकड्या शेपट्या, आत तीन बटणांचं खोल गळ्याचं जाकीट आणि गळ्यात काळा बो, फुलपाखराच्या आकाराचा टाय. जो येईल तो त्याच्यावरच भाळायचा.

"तो रात्रीचा आहे. संध्याकाळी सहाच्या आत तो अंगावर चढवायचा नाही. लग्न किती वाजता?"

"दोनला."

"मग हा घे, दिवसाचा. नाहीतर हा जाड लोकरीचा, ट्वीडचा घे. आत पाच बटणांचं जाकीट, त्यातलं खालचं बटण उघडं, आणि गळ्यात लांब टाय."

"पण आमच्या मित्रानं इन्व्हरनेसला भरदुपारी घातला होता तो काळा."

"हो का? मग मित्राचा संसार कसा चाललाय?"

मुलगा निमूट दिवसाचा कोट चढवायचा, कारण संसार खरंच धड चाललेला नसायचा. निदान एफीला तरी तसं वाटायचं. बाकीची माणसं चहावर जगतात तशी ती संशयावर जगायची. एकदा एकानं काळा टाय आणि काळा बो असं दोन्ही एकाच आठवड्यासाठी मागितलं. तिनं विचारलं, "मयत आधी की नाच आधी?" तो म्हणाला, "मयत." "कुणाचं?" "आत्याचं." "आत्याबाई तर काल बाजारात दिसल्या मला." तो गडी कानापर्यंत लाल झाला. दहातला एखादाच संशय असा खरा निघायचा, पण एफीच्या लक्षात तेवढाच राहायचा.

दुकानाचे मालक मिस्टर रॉस भला माणूस. त्यांनी चहाबरोबर बिस्किट पुढे केलं तरी ही मनात म्हणायची, आज काय काम आहे यांचं?

घरी ती आणि तिचा भाऊ मर्डो, दोघंच. दोघांनीही लग्न केलेलं नाही. मर्डोनं सगळं आयुष्य गोल्फ क्लबची हिरवळ राखण्यात घालवलं होतं आणि नोकरी संपल्यावर तो घरामागची वीतभर हिरवळ तितक्याच इमानानं राखायचा. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. विचारलं तर उत्तर द्यायचा, आणि एफी विचारायची भरपूर. कुठे होतास, कोण भेटलं, एवढा वेळ का लागला, बुटाला वाळू कशी.

घर फिशरटाउनमध्ये, म्हणजे आमच्या कोळीवाड्यात. बसकं, दगडी, समुद्राकडे पाठ केलेलं. बाप मासेमारी करणारा, जुन्या विचारांचा. त्याचं सगळं आजारपण एफीनं काढलं, आणि त्यानं मरताना घर ठेवलं मर्डोच्या नावावर. घर मुलाकडे जातं, एवढंच त्याला ठाऊक होतं. एफीला तेही एक वेळ चाललं असतं. पण मयताच्या चहाला मेगी आत्या सँडविच खाता खाता म्हणाली, "तुला काय गं काळजी? मर्डो बायको आणीपर्यंत घर तुझंच."

आत्या विसरून गेली असेल. एफी विसरली नाही. त्या दिवसापासून तिच्या जिवाला एकच घोर लागला. मर्डोची बायको येणार, नवी बाई तिच्या चुलीपाशी उभी राहणार आणि म्हातारपणी आपण पिशवी घेऊन रस्त्यावर. मग मर्डोकडे बघून जी बाई हसली ती एफीच्या लेखी घर बळकावायलाच निघालेली. लायब्ररीतल्या फ्लोरानं एकदा त्याला बागकामाचं पुस्तक घरपोच आणून दिलं, तर एफीनं दारातच पुस्तक काढून घेतलं आणि म्हणाली, "त्याला ताप आहे." मर्डो मागे बागेत गवत कापत होता, यंत्राचा आवाज येत होता. फ्लोरा पुन्हा आली नाही. मर्डोनं काही विचारलं नाही. एफीला सुटल्यासारखं वाटलं.

तिच्या मनातलं सगळं बोलायला एकच जागा होती. गुरुवारी दुपारी गावातली दुकानं बंद असायची. तेव्हा ती बेकरीवाल्या इना शँडकडे चहाला जायची. इना विधवा, गोल, हसरी, हाताला कायम पीठ. बेकरीच्या वरच राहायची. दोघींची शाळेपासूनची मैत्री. अख्ख्या गावात एकच माणूस असा होता ज्याच्यावर एफीनं कधी संशय घेतला नाही, आणि ती इना.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी धुण्यासाठी मर्डोच्या पँटचे खिसे उलटे करताना एफीच्या हाताला एक चिंधी लागली.

दुसऱ्या कुणी ती चुलीत टाकली असती. एफीनं ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बोटभर रेशमी कापड, मोरपंखी रंगाचं, कडा दातेरी कात्रीनं कापलेल्या. अशा चिंध्या तिनं आयुष्यभर पाहिल्या होत्या. नवरीचा पोशाख शिवायला पडला की शिंपीण त्याची एक चिंधी कापून देते. नवरा ती घेऊन दुकानात येतो आणि म्हणतो, या रंगाचा टाय द्या. पुरुषाच्या खिशात अशी चिंधी दुसऱ्या कुठल्या कारणानं येतच नाही.

एफी खुर्चीत बसली. मग तिनं ती चिंधी जशी होती तशी पुन्हा खिशात ठेवली आणि पँट न धुताच खुंटीला लावली.

संध्याकाळी वाटाण्याचं सूप वाढताना ती म्हणाली, "काय विशेष?"

"काही नाही."

"दुकानात यायचंय का कधी? कोट वगैरे काही हवाय?"

मर्डोचा चमचा मध्येच थांबला. "कोट कशाला?"

"मी आपलं विचारलं."

"सूप छान झालंय," मर्डो म्हणाला. तो स्वतःहून स्वयंपाकाचं कौतुक करतोय म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलंय, हे एफीनं ओळखलं.

आता प्रश्न एवढाच, की बाई कोण. त्याचं उत्तर रविवारी चर्चमध्ये आपल्या पायांनी चालत आलं. ऑर्गन वाजवणारी मिस कॅटनाक नवी टोपी घालून आली होती, आणि टोपी होती मोरपंखी. एफीला प्रार्थनेतलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. भरीत भर म्हणून मंगळवारी तिनं मर्डोला त्याच मिस कॅटनाकच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. तो घाईघाईनं कॉलर वर करून निघाला आणि बाई दारात उभी राहून हात हलवत होती.

एफी रस्ता ओलांडून सरळ तिच्यापुढे गेली.

"टोपी छान आहे."

"अय्या, आवडली?"

"रंग विशेष आहे. आमच्या घरात हल्ली फार दिसतो तो." एफीनं डोळे बारीक केले. "मर्डो कशाला आला होता?"

मिस कॅटनाकनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "मी नाही हं सांगायची. मला बजावलंय तसं." आणि ती लहान मुलीसारखी हसत आत पळाली. साठीची बाई!

गुरुवारी इनाच्या स्वयंपाकघरात एफीनं सगळं ओतलं. टेबलावर बटरी होत्या, आमच्याकडचे खारट, चपटे पाव, इनाच्या हातचे, गरम. एफीनं त्यांना हात लावला नाही.

"ती पेटीवाली! माझ्या भावावर जाळं टाकते भवानी."

इनाचा चहा बशीत सांडला. "मिस कॅटनाक?"

"मग काय तर. डोळा घरावर आहे तिचा, मर्डोवर नाही. मर्डोत बघण्यासारखं आहे तरी काय?"

"मर्डो चांगला माणूस आहे गं," इना हळूच म्हणाली.

"चांगला आहे म्हणूनच फसतोय. या वयात टवळीला लग्न सुचतंय, लाज नाही."

इनानं बटरीचे बारीक बारीक तुकडे केले. एकही खाल्ला नाही. "एफी, आणि समजा... समजा, त्या बाईला तुझं घर नकोच असलं तर? तिला नुसता तो हवा असला तर?"

"ज्यांना काही नको असतं त्या लपूनछपून करत नाहीत."

"तुला सांगायची भीती वाटत असेल."

"वाटायलाच हवी," एफी म्हणाली. इना उठून भट्टी बघायला खाली गेली. भट्टी गुरुवारी दुपारी बंद असते. एफीच्या ते ध्यानात आलं नाही. जी सगळ्या गावाची नाडी बघायची तिला समोरच्या बाईच्या तोंडावरचा रंग उडालेला दिसला नाही.

पुढचे गुरुवारही असेच गेले. इना काही बोलायला तोंड उघडायची आणि एफी त्यात नवी शिवी भरायची.

एफी दुकानात मात्र वाट बघत होती. मर्डोनं कपडे ठरवायला यायला हवं होतं. आयुष्यात त्यानं स्वतः कधी कोट निवडला नव्हता. जो काय तो एफीनं हातात द्यायचा आणि त्यानं घालायचा. आला की पकडायचाच, असं तिनं ठरवलं होतं. तोवर तिला एक चाळाच लागला. गिऱ्हाईक नसलं की ती टायचे खण उघडायची आणि आठवणीनंच त्या चिंधीशी टाय जुळवून बघायची. हा फार निळा. हा हिरवा. हा बरोबर, पण चकाकतो. अखेर एक लोकरीचा टाय तंतोतंत जुळला. लग्न मोडायचं म्हणून जिवाचं रान करणारी बाई त्याच लग्नाचा टाय निवडून बसली होती. तिनं चिडून खण बंद केला.

मर्डो आला नाही. मग एक दिवस बागेच्या शेडमध्ये बादली आणायला गेली तर गवत कापायच्या यंत्रामागे काळी लांब पिशवी टांगलेली. तिच्यावर एल्गिनच्या एका दुकानाची चिठ्ठी. एल्गिनच्या! सख्खा भाऊ, आणि कपडे दुसऱ्या गावच्या दुकानातून! एफीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पिशवीची चेन सर्रकन खाली ओढली.

आत आखूड काळा कोट होता. चांदीची बटणं, दोन शेपट्या. तीन बटणांचं जाकीट. काळा बो.

एफी तिथेच उलट्या बादलीवर बसली आणि हसायला लागली. केवढी सुटका! हा तर रात्रीचा पोशाख. लग्न कुठलं आलंय? चर्चमधली लग्नं सकाळी नाहीतर दुपारी लागतात, आणि एफी बॅरनचा भाऊ लग्नाला रात्रीचा कोट घालेल हे कसं शक्य आहे? मोरपंखी टाय नाही, दिवसाचा कोट नाही. म्हणजे हे क्लबचं वार्षिक जेवण. शनिवारी रात्री असणार. आपण फार कटकट करतो म्हणून बिचाऱ्यानं एल्गिनहून आणला. चिंधी असेल क्लबच्या निशाणाची. टोपी असेल आपली टोपी. तिनं चेन वर ओढली, आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

शुक्रवारी मिस्टर रॉस म्हणाले, "एफी, उद्या येऊ नकोस. आराम कर."

शनिवारी, ऐन लग्नसराईत, आराम? आता आपली नोकरी चालली, एवढं तिला कळून चुकलं. सकाळी त्याच विचारात तिनं मर्डोला सॉसेज, अंडी, बटाट्याची धिरडी असा भरपेट नाश्ता वाढला. त्याला काही जाईना. तो वर गेला. दहाच्या सुमाराला जिना वाजला आणि तो खाली आला.

किल्ट, लोकरीचे मोजे, आणि वर तो आखूड काळा कोट. बो कानाकडे कललेला.

एफीला हसू आवरेना. "अरे देवा! मर्डो, जेवण रात्री आहे. आत्तापासून नटून कुणाला वाढायला निघालास?"

"कसलं जेवण?"

"क्लबचं."

"ते तर ऑक्टोबरात होऊन गेलं."

एफीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. खिडकीतून सकाळचं लख्ख ऊन आत आलं होतं आणि मर्डोच्या छातीवरची बटणं त्यात चमचमत होती. तिनं बटणांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"अकराला आहे," मर्डो म्हणाला. "चर्चमध्ये."

"त्या पेटीवालीशी."

"पेटीवाली? मिस कॅटनाक नुसता ऑर्गन वाजवणार आहे. गाणी ठरवायला गेलो होतो मी तिच्याकडे. लग्न इनाशी आहे, एफी."

इना. तिच्याच टेबलाशी बसून, तिच्याच कपातून चहा पिऊन आपण दर गुरुवारी तिलाच भवानी म्हणत होतो. भावाचं लग्न आहे हे ऐकल्यावर बहिणीच्या तोंडून चार गोड शब्द निघावेत. एफीच्या तोंडून निघालं, "मग मी कुठे जाऊ?"

"तू कशाला कुठे जातेस? मीच जातोय. बेकरीच्या वर, इनाकडे."

"आज जाशील. उद्या घर विकशील. इनाचा मुलगा अ‍ॅबर्डीनला आहे, त्याला पैसे हवेच असतील."

मर्डोनं सुस्कारा सोडला. "एफी, मला उशीर होतोय. तू येणार का, एवढं सांग."

एफीला भीती वाटत होती, संतापही आला होता, आणि या सगळ्याच्या वर तिच्या डोळ्यांना तो बो खुपत होता.

"हे घालून?" ती ओरडली. "सकाळी अकरा वाजता? हॉटेलातला वाढपी दिसतोस नुसता! सगळं गाव म्हणेल, एफी बॅरनच्या भावाला रात्र कळत नाही की दिवस. कुणी दिला तुला हा?"

"एल्गिनच्या माणसानं. मी चिंधी दाखवली, तर म्हणाला तो रंग आमच्याकडे नाही, काळा बो सगळ्यावर चालतो."

"चालतो म्हणे! चल आधी."

ती त्याला हाताला धरून कोळीवाड्यातून हाय स्ट्रीटवर घेऊन आली. लोक दारात उभे राहून बघत होते, आणि एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं तर! दुकानात मिस्टर रॉस जणू वाटच बघत होते. "मी त्याला म्हटलं होतं, इथेच ये म्हणून," ते म्हणाले. "घाबरला तो." मग ते शहाण्यासारखे मागच्या खोलीत गेले.

"काढ तो कोट," एफी म्हणाली.

तिनं दिवसाचा काळा कोट हातात घेतला आणि लगेच परत टांगला. तो मर्डोनं बापाच्या मयताला घातला होता. नको. ट्वीडचे कोट तिनं भराभर सरकवले. एक फार हिरवा, त्यात तो झुडुपासारखा दिसेल. एक करडा, त्यात आजारी. शेवटी तिनं ओल्या वाळूच्या रंगाचा कोट ओढला. त्यात एक निळी रेघ होती, जवळ गेल्याशिवाय न दिसणारी. तो मर्डोच्या वाकलेल्या खांद्यांवर नीट बसला. त्याच कापडाचं जाकीट मात्र पोटावर येईना.

"इनाच्या बटरी दिसायला लागल्या की," एफी म्हणाली, आणि तिला आपलं आपल्यालाच नवल वाटलं, की आपण थट्टा करू शकतो. मोठं जाकीट मिळालं. ती वाकून बटणं लावू लागली.

"घर विकायचं म्हटलं तरी मला विकता येणार नाही," मर्डो तिच्या डोक्यावरून बोलला. "ते माझं नाही."

"मग कुणाचं? इनाच्या नावावर केलंस?"

"तुझ्या. बाबा गेले, त्यानंतर लगेच. वकिलाकडे जाऊन सगळं केलं. तू त्यांचं एवढं केलंस, आणि घर मला. मला ते बरं वाटेना." तो जरा थांबला. "इतकी वर्षं मी तुझ्या घरात राहतोय, एफी."

एफीची बोटं तिसऱ्या बटणावर होती. ती तिथेच राहिली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

आपण काय म्हणालो असतो हे एफीला शब्द न् शब्द ठाऊक होतं. ती म्हणाली असती, याच्यात तुझा काय डाव आहे? मग तिनं स्वतः वकिलाकडे जाऊन चौकशी केली असती, आणि वकिलावरही विश्वास ठेवला नसता.

"एकदा सांगायला आलो होतो," मर्डो म्हणाला. "त्याच दिवशी तू माझे खिसे तपासत होतीस. मग म्हटलं, राहू दे."

शरमेनं एफीचे कान तापले. घर जाईल म्हणून तिनं किती रात्री तळमळून काढल्या होत्या, किती बायकांना दारातून परतवलं होतं. आणि ते घर सगळा वेळ तिचंच होतं.

"मी राखण करत होते रे," ती कशीबशी म्हणाली.

"हो ना. माझीसुद्धा." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर एफीला सोपं गेलं असतं. "लायब्ररीतली फ्लोरा चांगली होती," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

एफीनं चौथं बटण लावलं आणि पाचवं उघडं ठेवलं. मग ती टायच्या खणाकडे गेली आणि न शोधता तो लोकरीचा टाय काढून आणला. मर्डोनं किल्टवरच्या चामडी बटव्यातून चिंधी काढून त्यावर धरली.

"तंतोतंत! तुला रंग कसा कळला?"

"गप्प उभा राहा," एफी म्हणाली. गाठ तिला दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली.

चर्चच्या दारात इना मोरपंखी पोशाखात उभी होती. तिच्या कानामागे थोडं पीठ तसंच राहिलं होतं. तिनं आधी मर्डोकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग एफीकडे.

"मी तुला भवानी म्हटलं," एफी म्हणाली.

"टवळी पण म्हटलंस. जाळं टाकते म्हणालीस." इनाचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "दर गुरुवारी सांगायचं ठरवायचे गं. तू बोलायला लागलीस की माझी वाचाच बसायची. मला वाटलं, तू येणारच नाहीस."

"मलाही तसंच वाटलं," एफीनं खरं ते सांगितलं. तिनं इनाच्या कानामागचं पीठ अंगठ्यानं पुसलं आणि ती आत जाऊन बसली. मिस कॅटनाकनं ऑर्गनवरून तिच्याकडे इतकं प्रेमानं हसून पाहिलं, की एफीला जमिनीत शिरावंसं वाटलं.

लग्नानंतर बेकरीच्या वर मांस भरून भाजलेला स्टेक पाय झाला, गाणी झाली, मर्डो नाचलासुद्धा. ट्वीडच्या कोटात तो दहा वर्षांनी लहान दिसत होता. निघताना इना म्हणाली, "गुरुवारी ये. चहा आहेच." "येईन," एफी म्हणाली.

चारच्या सुमाराला ती घरी आली. एल्गिनचा तो आखूड कोट तिनं ब्रश करून पिशवीत घातला. सोमवारी आपण स्वतः नेऊन द्यायचा आणि त्या माणसाला चांगलं सुनवायचं, असं तिनं ठरवलं. चहा केला. स्वयंपाकघरात बसली. खुर्ची तिची, चूल तिची, चार भिंती तिच्या. आता कुणी काढून घेणारं नव्हतं. याच एका गोष्टीसाठी ती इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती.

वर कुठेतरी फळी वाजली.

"मर्डो, काय चाललंय रे वर?" तिनं जिन्याकडे तोंड करून ओरडून विचारलं.

वर कुणीच नव्हतं. लाकूड होतं, उन्हानं वाजलं असेल. संशय घ्यावा असं एकही माणूस त्या घरात उरलं नव्हतं. एफी बॅरननं कप बाजूला सारला, टेबलावर डोकं टेकलं, आणि आपल्या हक्काच्या घरात ती हुंदके देऊन रडली.